फ्रिज-एसीतला ज्वलनशील गॅस काढायचा खर्च : पैसे नेमके कशाचे द्यायचे?

फ्रिज किंवा एसी दुरुस्तीला काढला की आपण घासाघीस करतो ती गॅसच्या भावावर. वास्तविक सगळ्या बिलात सर्वांत स्वस्त गोष्ट गॅसच असते. हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, भरलेला असतो, तोही साधारण ३० ते ८० ग्रॅम. किरकोळ भावाने त्याचे शे-सव्वाशे रुपये होतात. तरी बिल अडीच-तीन हजारांवर जाते आणि काम नीट झाले असेल तर ते वाजवीही असते. जुना गॅस सांभाळून बाहेर काढणे, नळ्या नायट्रोजनने धुणे, व्हॅक्यूम करणे आणि नवा गॅस काट्यावर मोजून भरणे, या मेहनतीचे ते पैसे आहेत. हे टप्पे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, म्हणून मेकॅनिक ते सहज गाळतो. आगीचा धोकाही याच गाळलेल्या टप्प्यांमध्ये असतो.

खाली दिलेले दर मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या खासगी मेकॅनिकचे आणि ढोबळ आहेत. एप्रिल-मेमध्ये ते चढतात, तालुक्याच्या गावी थोडे उतरतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये याहून जास्त लागतात, वर १८ टक्के जीएसटी.

आधी स्टिकर वाचा

मेकॅनिकला फोन करण्याआधी पाच मिनिटे यंत्रापाशी घालवा. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ किंवा आतल्या भिंतीवर, आणि एसीच्या आउटडोअर युनिटच्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचे नाव आणि वजन लिहिलेले असते. आर-६००ए किंवा आर-२९० (प्रोपेन) दिसले तर गॅस ‘ए-३’ वर्गातला, सहज पेट घेणारा. आर-३२ दिसले तर ‘ए-२एल’, म्हणजे पेटतो, पण सावकाश आणि जास्त प्रमाणात साचला तरच. आर-२२, आर-४१०ए, आर-१३४ए हे ‘ए-१’ वर्गातले. ते एरवी पेट घेत नाहीत. ज्वलनशील गॅसच्या यंत्रावर बहुधा ज्वालेचे चिन्ह असलेला पिवळा त्रिकोणही असतो.

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो आणि बहुतेक नव्या स्प्लिट एसीत आर-३२. आर-२९०चे एसी भारतात २०१२मध्ये गोदरेजने आणले, त्यामुळे तशी यंत्रेही कित्येक घरांत आहेत. दुकानातल्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्येही आर-२९० सापडतो. स्टिकर पुसला गेला असेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीकडे विचारा. ‘आवाजावरून सांगतो कुठला गॅस आहे’ म्हणणारा मेकॅनिक परत पाठवलेला बरा.

फ्रिज : गॅस थोडा, पण जागा अडचणीची

आधी भीतीचे माप नीट घेऊ. आयसोब्युटेन पेटायला दर घनमीटर हवेत सुमारे ४३ ग्रॅम गॅस लागतो. आठ बाय आठ फुटांचे, नऊ फूट उंचीचे स्वयंपाकघर म्हणजे साधारण १६ घनमीटर. फ्रिजमधले ५० ग्रॅम त्यात सारखे पसरले तर दर घनमीटरला तीनच ग्रॅम होतात. म्हणजे गळती झाली की घर उडते, हे खरे नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याच्या शेजारी फ्रिजचा गॅस अगदीच किरकोळ.

अडचण अशी, की गॅस सारखा पसरत नाही. तो हवेच्या दुप्पट जड आहे, त्यामुळे जमिनीलगत आणि ओट्याखाली साचतो. फ्रिजच्या पोटात गळला तर आणखी वाईट : २५० लिटरच्या बंद फ्रिजमध्ये अवघे ११ ग्रॅम पुरतात. तिथे दाराचा दिवा असतो, थर्मोस्टॅट असतो. कारखान्यातून येताना हे भाग ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात, पण मधल्या एखाद्या दुरुस्तीत बदललेला थर्मोस्टॅट तसाच असेल याची हमी नाही. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास असते : फ्रिजजवळच देवघर आणि त्यात समई किंवा उदबत्ती. शिवाय हा गॅस वास देत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, तो यात नसतो. नाकावर भरवसा ठेवू नका.

एक बारकावा बरेच मेकॅनिकही विसरतात. आर-६००ए फ्रिज चालू असताना थंड बाजूच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. त्या बाजूला भोक पडले तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. म्हणजे ‘गॅस संपलाय’ असे वाटणाऱ्या फ्रिजच्या नळ्यांत गॅस आणि हवा यांचे मिश्रण असू शकते. अशा नळीला सरळ ब्रेझिंगची ज्योत लावणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा आहे.

नीट काम असे चालते. फ्रिजचा प्लग आधी काढलेला असतो. शेगडी, समई आणि जवळचा गॅस गीझर बंद, खिडक्या सताड उघड्या. जमत असेल तर फ्रिज गॅलरीत, अंगणात किंवा गच्चीवर नेणे सर्वांत चांगले. मेकॅनिक कॉम्प्रेसरच्या चार्जिंग लाइनला टोचणारा व्हॉल्व्ह लावतो आणि त्याची लांब नळी बाहेर मोकळ्या हवेत सोडतो. गटाराच्या जाळीजवळ नाही, आणि खालच्या मजल्याच्या खिडकीवरही नाही. बराचसा गॅस कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला असतो आणि तो सावकाश सुटतो. म्हणून ‘फुस्स’ आवाज थांबला की काम झाले असे होत नाही. उरलेला व्हॅक्यूम पंपाने ओढायचा, आणि पंपातून निघणारी हवासुद्धा बाहेरच सोडायची. मग नायट्रोजनने धुऊन काढायचे. त्यानंतरच नळी कापायची, तीही पाइप कटरने. ज्योत यानंतर.

आता ग्राहकाच्या उपयोगाचा प्रश्न : या गॅसच्या ‘रिकव्हरी’चे, म्हणजे तो ओढून साठवण्याचे, वेगळे पैसे द्यावेत का? माझे उत्तर, नाही. आयसोब्युटेन ओझोनच्या थराला अपाय करत नाही, तापमानवाढीतला त्याचा वाटा नगण्य आहे, आणि पन्नास ग्रॅम गॅस साठवून कुणी पुन्हा विकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही २०१४मध्ये घरगुती फ्रिजमधल्या आयसोब्युटेनला हवेत सोडण्याच्या बंदीतून सूट दिली. नळीने बाहेर, मोकळ्या हवेत, काळजीपूर्वक सोडणे हीच इथली वाजवी पद्धत. तेव्हा बिलात ‘रिकव्हरी मशीन चार्ज’ म्हणून हजार रुपये दिसले तर मशीन दाखवायला सांगा. नायट्रोजन आणि व्हॅक्यूमचे पैसे मात्र खुशाल द्या.

ढोबळ हिशेब असा : घरी येऊन तपासणीचे ३०० ते ५००, ते बहुतेक वेळा कामात वळते होतात. गळती शोधून, जोडून, नवा फिल्टर बसवून, नायट्रोजनने दाब तपासून, व्हॅक्यूम करून आणि गॅस मोजून भरायचे सगळे मिळून २,००० ते ३,५००. कॉम्प्रेसर बदलायचा असेल तर एकूण ५,५०० ते ९,०००, फ्रिजच्या आकाराप्रमाणे. कुणी १,२०० रुपयांत ‘गॅस भरून देतो’ म्हणाला तर त्याने नायट्रोजन, फिल्टर किंवा व्हॅक्यूम यांपैकी काहीतरी वगळले आहे असे समजा, बहुधा तिन्ही. दहा वर्षांहून जुन्या फ्रिजमध्ये फोमच्या भिंतीआडची नळी गळत असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका. ती टिकत नाही.

गॅस भरताना काटा बघा. आर-६००एचा दाब इतका कमी असतो की गेजवरून अंदाज येत नाही. पाच-दहा ग्रॅमचा फरकही फ्रिजला जाणवतो. भाजीवाल्याच्या काट्यावर हे काम होत नाही, ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा हवा.

एसी : इथे गॅस वाचवला तर पैसे वाचतात

एसीचे गणित उलटे आहे. दीड टनाच्या एसीत पाऊण किलो ते किलोभर आर-३२ असतो. तो पेटण्याची शक्यता कमी. पेटायला दर घनमीटरला ३०० ग्रॅमच्या वर लागतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत सगळा गॅस सुटला तरी सरासरी त्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच राहते. मात्र आगीत सापडला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो, हे लक्षात ठेवा. तापमानवाढीच्या बाबतीत तर तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. ८०० ग्रॅम हवेत सोडले तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक लिटर पेट्रोल जाळल्याइतका. फ्रिजसाठी जे चालते ते इथे चालत नाही. आर-३२ काढून ठेवायचाच असतो.

सुदैवाने घर बदलताना किंवा एसी दुसऱ्या खोलीत नेताना यासाठी वेगळे मशीन लागत नाही. ‘पंप डाउन’ पुरते. एसी थंड करण्याच्या मोडवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन चावीने बंद करतात. कॉम्प्रेसर नळ्यांतला आणि इनडोअरमधला गॅस ओढून आउटडोअरमध्ये जमा करतो. गेजवरचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच मेन स्विच बंद. पाच-दहा मिनिटांचे काम. पावसाळ्यात खोली आधीच गार असेल तर एसी सुरू राहत नाही, तेव्हा इनडोअरवरचे सक्तीने कूलिंग चालवायचे बटण वापरावे लागते.

एसी काढण्याचे ५०० ते १,००० रुपये घेतात आणि पंप डाउन त्यातच धरलेले असते. ते न करता फ्लेअर नट ढिला करून गॅस सोडून दिला, तर नव्या जागी पुन्हा गॅस भरायचे २,५०० ते ४,००० तुमच्या खिशातून. म्हणून ठरवतानाच विचारा : ‘पंप डाउन करणार ना? गेज आणणार का?’ बसवायचे १,३०० ते २,०००, वाढीव तांब्याची नळी वेगळी. नव्या जागी व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून नळ्यांतली हवा ‘हाकलण्याची’ जुनी पद्धत आर-३२ला चालत नाही आणि आर-२९०ला तर बंद खोलीत धोक्याची आहे.

पंप डाउनमध्येही एक जीवघेणी चूक होते. कॉम्प्रेसर चालू असतानाच नळी सोडली, किंवा गळकी नळी असताना पंप डाउन लांबवले, तर हवा आत ओढली जाते. तेल, हवा आणि दाब एकत्र आले की कॉम्प्रेसर फुटतो. यासाठी गॅस ज्वलनशील असायलाच हवा असे नाही, आर-२२च्या यंत्रांतही हे होते. गेज न लावता ‘अंदाजाने’ पंप डाउन करू देऊ नका, आणि काम चालू असताना आउटडोअरजवळ वाकून बघत उभे राहू नका.

आर-२९०च्या एसीत गॅस साधारण ३००-४०० ग्रॅम असतो आणि तो ३८ ग्रॅम प्रति घनमीटरलाच पेटतो. दहा बाय दहाच्या खोलीत सगळा सुटला तर सरासरी मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाते. जमिनीलगत ती मर्यादा ओलांडणे अवघड नाही. या यंत्राला कंपनीचा किंवा हायड्रोकार्बनचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञच बोलवा. पाचशे रुपये जास्त गेले तरी तक्रार करू नका. केंद्र सरकारच्या ओझोन सेलच्या कार्यक्रमांत अनेक तंत्रज्ञ असे प्रशिक्षण घेऊन बाहेर पडले आहेत. प्रमाणपत्र मागितले तर खरा कारागीर रागावत नाही.

कॉम्प्रेसरच बंद पडला असेल तर पंप डाउन होत नाही. मग रिकव्हरी मशीन लागते, आणि ते ज्वलनशील गॅससाठी बनवलेले हवे. आर-२२च्या जुन्या मशीनचा स्विच आणि मोटर ठिणगी टाकू शकतात. अशी मशीन तीस-चाळीस हजारांपासून पुढे मिळतात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ती क्वचितच असते. मशीन आणून काम करणाऱ्याने ८०० ते १,५०० जास्त मागितले तर ते रास्त आहेत. सिलिंडरही गॅसनिहाय वेगळा हवा, त्याची शेवटची चाचणी कधी झाली ते त्यावर ठोकलेले हवे, आणि तो ८० टक्क्यांपलीकडे भरायचा नाही. हायड्रोकार्बन हलका असल्यामुळे वजनावर फसगत होते : आर-२२चा दहा किलोचा सिलिंडर प्रोपेनने चार किलोच्या आसपासच भरतो. एसी मोडीतच काढायचा असेल तर सोपा मार्ग म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून बराचसा गॅस आउटडोअरमध्ये कोंडणे आणि अख्खे युनिट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे देणे.

नाही म्हणायची कामे

गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी जोडत असेल तर त्याला लगेच थांबवा. वेल्डिंगच्या सेटमध्ये ऑक्सिजन हाताशी असतो, म्हणून हा मोह होतो. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो.

स्वयंपाकाचा गॅस फ्रिजमध्ये भरून देणारे महाभागही आहेत. त्यात ओलावा आणि गंधक असते, मिश्रणाचे प्रमाण बदलते असते, कॉम्प्रेसर काही महिन्यांत बसतो.

तिसरा प्रस्ताव मोठा गोड असतो : ‘साहेब, तुमच्या आर-२२च्या एसीत आर-२९० भरतो, वीजही वाचेल.’ थंडावा मिळतो हे खरे. पण ते यंत्र ज्वलनशील गॅससाठी बनलेले नाही. त्यातला रिले, पंख्याची मोटर, जोडण्या यांतून ठिणगी पडू नये अशी काळजी घेतलेली नसते. शिवाय पुढच्या मेकॅनिकला स्टिकरवर आर-२२ दिसतो आणि तो निर्धास्तपणे ज्योत लावतो. आर-२२ वापरून नवी यंत्रे बनवणे भारतात २०२४अखेर थांबले. जुन्या यंत्राला त्याचाच गॅस मिळत असेल तोवर भरा, नाहीतर यंत्र बदला.

काम चालू असताना खोलीत गळती झाल्याची शंका आली, तर तिथला कुठलाही स्विच चालू-बंद करू नका, प्लगही ओढू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि वीज बाहेरच्या मेन एमसीबीवरून तोडा.

मोडीत काढताना

भंगारवाला फ्रिजचे काहीशे रुपये देतो आणि तांब्यामुळे स्प्लिट एसीचे काही हजार. हे पैसे तो नळ्या करवतीने किंवा कोयत्याने कापून वसूल करतो, बहुधा गोदामाच्या आतच. ज्वलनशील गॅसची यंत्रे भंगारात वाढत चालली आहेत आणि तिथे शेजारीच वेल्डिंगचा टॉर्च पेटलेला असतो. २००३पूर्वीचा फ्रिज असेल तर आगीचा नव्हे, ओझोनचा प्रश्न : त्यात आर-१२ आणि फोममध्ये आर-११ असण्याचा संभव. ती नळी घरी कापू देऊ नका.

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. फ्रिज आणि एसी त्यांच्या कक्षेत येतात आणि उत्पादकावर पुनर्वापराची जबाबदारी आहे. २०२३च्या दुरुस्तीने यंत्रातल्या गॅसच्या व्यवस्थापनाचाही त्यात समावेश केला. म्हणून आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ‘जुने यंत्र कुठे द्यायचे’ विचारा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतले नोंदणीकृत केंद्र शोधा. काही केंद्रे घरून मोफत उचलतात, काही थोडे पैसेही देतात, पण भंगारवाल्याइतके नाही. दुकानात एक्स्चेंज करणार असाल तर जुने यंत्र पुढे कुणाकडे जाते ते विचारा. फ्रिज नेताना उभाच ठेवा आणि मागची नळी मुरगळू देऊ नका.

शेवटी बिल. त्यावर गॅसचे नाव, भरलेले ग्रॅम, नायट्रोजन चाचणी, व्हॅक्यूम आणि नव्या फिल्टरचा उल्लेख असावा, आणि कामाची निदान तीन महिन्यांची हमी. काम सुरू होण्याआधीच हे ठरवा, पैसे त्यानंतर. पक्के बिल हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, केलेल्या तक्रारीला वजन येते. नुसत्या ‘गॅस भरला’ या शब्दांवर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.